कादंबरीतला नवरा आणि घरातला नवरा: दोघांना कसं सांभाळायचं

कोल्हापुरात मंगळवार पेठेत माझं एक छोटं वाचनालय आहे. सभासद बहुतेक बायका, आणि सगळ्यात जास्त फिरतात त्या प्रेमकथा. कुठलं पुस्तक किती जणींनी मनापासून वाचलं हे मला नोंदवहीपेक्षा पानांवरून कळतं. हळदीचा ठिपका, खुणेला घातलेलं केएमटी बसचं तिकीट, आणि नायक पहिल्यांदा मनातलं बोलतो त्या पानाचा कोपरा हमखास दुमडलेला. 'पाने दुमडू नयेत' अशी पाटी लावली आहे, उपयोग शून्य.

परत करायला मात्र बऱ्याचदा नवरे येतात. गाडी चालूच, हेल्मेट डोक्यावरच. एक भाऊ तर तोंडावर म्हणाले, "तुमच्या पुस्तकांनी आमच्या घरात कालवा केलाय." त्याच आठवड्यात एक सून सांगून गेली, की सासूचा आणि तिचा अबोला एका मालिकेमुळे सुटला, कारण मालिकेतल्या खाष्ट आत्याला शिव्या घालायला दोघी एकत्र आल्या. तेव्हा प्रेमकथा चांगल्या की वाईट, हा वाद मला घालायचा नाही. त्या घरात येणारच आहेत. त्या वापरायच्या कशा, तेवढं सांगते. माझं म्हणणं थोडक्यात असं: गोष्टीतल्या जोडप्याच्या शेजारी उभं राहून स्वतःची उंची मोजायची नाही. त्या जोडप्याविषयी आपल्या माणसाशी बोलायचं.

आधी गोष्ट कशी बनते ते बघा

कोल्हापूरकरांना हे शिकवायची खरं तर गरज नाही. प्रभात फिल्म कंपनी 1929 साली इथंच सुरू झाली, पुण्याला गेली ती नंतर, 1933 ला. जुन्या पेठांत अजूनही कुणाचे तरी आजोबा स्टुडिओत सुतार होते, कुणाची आत्या गर्दीच्या दृश्यात उभी राहिलेली असते. वसगड्याला एका मालिकेचं शूटिंग चालायचं तेव्हा लोक पोराबाळांना घेऊन तो वाडा बघायला जायचे. पडद्यावर पाऊस पडतो तेव्हा कॅमेऱ्यामागं टँकर उभा असतो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण हीच माहिती रात्री टीव्हीसमोर बसल्यावर कुठं जाते कोण जाणे.

म्हणून पहिला सराव हिशेबाचा. मालिकेचा अर्धा तास म्हणजे जाहिराती वजा करून वीस-बावीस मिनिटं, आठवड्यातले सहा दिवस, वर्षानुवर्षं. एवढा वेळ भरायचा तर नायक-नायिकेला एकमेकांशी धड बोलू देऊन चालतच नाही. दोघं स्वयंपाकघरात दोन मिनिटं उभी राहून "काल तू कुणाबरोबर होतास?" "भावाबरोबर, दवाखान्यात" एवढं बोलली तर तीन महिन्यांचं कथानक बुडालं. गैरसमज हे मालिकेचं भांडवल आहे. आपल्या घरात त्याच गैरसमजाचं व्याज आपण भरतो. पुढच्या वेळी नायिका दाराआडून अर्धंच वाक्य ऐकून रडत निघून गेली, की मोठ्यानं विचारा, "ही परत फिरून विचारत का नाही?" उत्तर लेखकाच्या सोयीत असतं, तिच्या स्वभावात नसतं.

कादंबरीची तऱ्हा वेगळी. तिथं दिवस कापलेले असतात. 'पावसाळा सरला' या दोन शब्दांत चार महिने जातात. त्या चार महिन्यांत कपडे वाळले नाहीत, पोराला ताप आला, गॅस संपला, पगार लांबला, आणि तरी दोघं एकमेकांशी बरं वागली की नाही हे लेखक सांगतच नाही. संसार तर त्या कापलेल्या भागातच असतो. आणि शेवट? मिल्स अँड बून ही प्रकाशनसंस्था लंडनमध्ये 1908 साली सुरू झाली. तिची पुस्तकं माझ्याकडं कॉलेजच्या पोरी इंग्रजी सुधारण्याच्या नावाखाली नेतात. त्या पठडीतल्या पुस्तकात दोघं शेवटी एकत्र येणार हे घेणाऱ्याला आधीच माहीत असतं, तो त्या प्रकाराचा अलिखित करारच आहे. करार आहे म्हणून वाचायला मजा येते. तसा करार आपल्याशी मात्र कुणी केलेला नसतो.

घरी करून बघण्यासारखा एक उद्योग सांगते. पुस्तक संपलं की एका कागदावर त्याच जोडप्याचं पाच वर्षांनंतरचं पान लिहा. घराचा हप्ता किती, तो कुणाच्या पगारातून जातो, रात्री पोर उठलं तर कोण उठतं, तिच्या आईच्या औषधाचे पैसे कोण देतं, तो रुसला की किती वेळ रुसतो. माझ्याकडच्या एका सभासदबाईंनी एका अतिशय देखण्या, अतिशय अबोल, अतिशय श्रीमंत नायकाचं असं पान लिहिलं आणि मला वाचून दाखवलं. तिसऱ्याच ओळीत तिचं नायकाशी भांडण झालं, कारण तो 'अतिशय अबोल' होता. दोनशे पानं जे गूढ वाटत होतं ते मंगळवारी सकाळी पाणी गेल्यावर नुसता वैताग निघाला.

या गावाला हा विषय तसा जुनाच. ना. सी. फडके राजाराम कॉलेजात शिकवायचे, वि. स. खांडेकर पुढं कोल्हापुरातच राहिले. एकाचं म्हणणं कलेसाठी कला, दुसऱ्याचं जीवनासाठी कला. माझे एक वयस्कर सभासद अजून त्यावर तावातावानं बोलतात आणि बोलून झालं की गुपचूप प्रेमकथाच घेऊन जातात.

आवडलेल्या पानातली मागणी शोधा

दुमडलेल्या कोपऱ्याचं पान टाकून देऊ नका. तिथं आपल्याला काहीतरी लागलेलं असतं. ते पान पुन्हा वाचा आणि त्यातली सजावट काढून टाका. परदेश, गाडी, उंची, आवाज, मोगरा, सगळं बाजूला करा. खाली काय उरतं ते बघा.

बऱ्याचदा उरतं ते अगदी साधं असतं. नायिकेला ताप आहे आणि नायक रात्रभर उशाशी बसलाय, हे पान माझ्याकडच्या कितीतरी पुस्तकांत मळलेलं आहे. रात्रभर जागणारा नवरा कुणालाच नको असतो, सकाळी सातला त्याची शिफ्ट असते. हवं असतं ते, कुणीतरी आपल्याकडं बघून 'बरं नाही काय?' असं आपण सांगायच्या आधी विचारावं. मग मागणी तेवढीच करायची, आणि ती करता येण्याजोगी करायची. 'तुम्ही माझी काळजीच घेत नाही' हे वाक्य ऐकून कुठल्याही माणसाला काय करावं ते समजत नाही. 'संध्याकाळी आलात की फोन खिशात ठेवून दहा मिनिटं ओट्यापाशी उभं राहायचं, काही करू नका, नुसतं उभं राहा' हे समजतं. एका ताईंनी हेच सांगितलं. पहिल्या दिवशी नवरा खरंच नुसता उभा राहिला, हाताची घडी घालून, खात्यातून तपासणीला साहेब आल्यागत. चौथ्या-पाचव्या दिवशी लसूण सोलायला लागला.

हे पुरुषांनीही करावं. त्यांच्या प्रेमकथा पुस्तकांत नसतात एवढंच, गाण्यांत आणि रीलमध्ये असतात. सिनेमातली नायिका कधी थकत नाही, हिशेब विचारत नाही, माहेरच्या लग्नाला आठ दिवस राहायचं म्हणत नाही. त्यातलं नेमकं काय आवडलं? ती हसते हे आवडलं असेल, तर घरातली शेवटची कधी आणि कशावर हसली होती ते आठवायचं. बहुतेकांना आठवतं. आणि त्या दिवशी घरात कुणीच पाहुणे नव्हते हेही आठवतं.

दोघांनी मिळून बघायचं आणि मग बोलायचं

आता मुख्य काम. अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी 2013 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. नवीन लग्न झालेली 174 जोडपी होती. काहींना भांडण कसं हाताळावं याचे वर्ग दिले, काहींना एकमेकांना समजून घेण्याचे वर्ग दिले, आणि एका गटाला सांगितलं, महिनाभरात नवरा-बायकोच्या नात्यावरचे पाच सिनेमे बघा आणि प्रत्येक वेळी ठरावीक प्रश्नांवर पाऊण तास बोला. तीन वर्षांनी काहीच न केलेल्या जोडप्यांतली 24 टक्के वेगळी झाली होती. तिन्ही गटांत ते प्रमाण 11 टक्क्यांच्या आसपास होतं. म्हणजे सिनेमा बघून बोलणाऱ्यांचं वर्गात बसणाऱ्यांइतकंच जमलं. हा आकडा कोल्हापूरला जसाच्या तसा लागू पडेल असं मी म्हणत नाही, तिकडचं लग्न वेगळं, इकडचं वेगळं. पण त्यामागचं कारण मला माझ्या काउंटरवर रोज दिसतं: स्वतःबद्दल बोलायला जीभ जड होते, तिसऱ्याबद्दल बोलायला होत नाही.

एका जोडप्याचं सांगते, ओळखू येऊ नये म्हणून इकडचं तिकडं केलंय. ती कारकुनी करते, तो शिरोलीच्या एमआयडीसीत फाउंड्रीत. जेवताना दोघं एक मालिका बघायचे. त्या दिवशीच्या भागात नायकानं बायकोला न सांगता जमिनीचा तुकडा बहिणीच्या नावावर केला होता.

तो म्हणाला, "केलं ते बरोबरच केलं. बहीण हाय ती."

ती म्हणाली, "असू दे की. पण सांगायला काय झालं हुतं?"

"सांगितलं असतं तर नकोच म्हणाली असती."

"म्हणाली असती कशावरनं? तिला विचारलंच कुठं?"

मालिका संपली, बातम्या लागल्या. त्यानं ताटात हात धुतला आणि ताटाकडंच बघत म्हणाला, "दाजींच्या कर्जाला मी जामीन राहिलोय. पतसंस्थेत. दिवाळीच्या आधी."

तिनं मला हे सांगितलं तेव्हाही ती रागातच होती, पुढचे कितीतरी दिवस होती. पण मग दोघांनी मिळून पतसंस्थेचे कागद काढले, दाजींना घरी बोलावलं, हप्ते कोण भरतंय ते बघितलं. मालिका नसती तर हे तिला वसुलीची नोटीस आल्यावर कळलं असतं. त्या मालिकेचं लेखन सुमारच आहे, पण त्या दिवशी ते कामाला आलं.

तर हे करायचं कसं. निवड करताना दोघांपैकी एकाला फार आवडणारं आणि दुसऱ्याला अजिबात न आवडणारं घेऊ नका. ज्यात लग्न झालेलं किंवा बराच काळ एकत्र असलेलं जोडपं आहे असं काहीतरी घ्या. नुसतं जमण्याची गोष्ट असेल तर बोलायला फार काही सापडत नाही, कारण त्या दोघांनी अजून काही ठरवलेलंच नसतं. नवरा मालिका बघत नसेल तर जबरदस्ती नको. रविवारी दुपारी एखादा जुना सिनेमा लावा. तेही नको असेल तर वाचलेली गोष्ट तोंडी सांगा, बसमध्ये, गाडीवर, भाजी निवडताना. गोष्ट ऐकायला कुणी सहसा नाही म्हणत नाही, फक्त 'मी तुम्हाला एक प्रेमकथा सांगते' अशी सुरुवात करायची नाही. 'त्या माणसानं काय येडेपणा केला माहीत आहे काय?' अशी करायची.

फुटबॉलच्या हंगामात शाहू स्टेडियमवर आपल्या तालमीच्या संघाची मॅच असेल तो दिवस सोडा. जिंकले तर माणूस घरी येत नाही, हरले तर आलेला असूनही नसतो.

जागा महत्त्वाची. एकत्र कुटुंबात हॉलमध्ये सासू-सासरे, दीर, पोरं बसलेली असतात, तिथं 'त्यानं आईपुढं तिची बाजू घ्यायला हवी होती का' हा प्रश्न विचारून बघा काय होतं ते! बघणं घरात, बोलणं बाहेर. रंकाळ्याला फेरी मारता मारता बोला. शेजारी शेजारी चालताना एकमेकांच्या तोंडाकडं बघावं लागत नाही, त्यामुळं अवघड वाक्य बाहेर पडतं. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर ग्लास हातात असतानाही चालतं, पण तिथं ओळखीचे फार भेटतात.

प्रश्न विचारायचे ते त्या दोघांविषयी. भांडण आधी कुणी मिटवलं, आणि नुसतं 'सॉरी' म्हणून की काही करून? त्यानं तिच्यापासून जे लपवलं ते सांगायची योग्य वेळ कधी होती? घरात पैसा कुणाच्या हातात आहे, आणि दुसऱ्याला मागावा लागतो का? तिचं काही चुकलं तेव्हा तो चारचौघांत बोलला की नंतर? दोघं मित्र आहेत काय, म्हणजे काम नसताना बोलतात काय? हे सगळं झाल्यावर, आणि वातावरण बरं असेल तरच, शेवटचा प्रश्न: आपल्याकडं असं झालं असतं तर?

एक वाक्य मात्र बंद. 'बघ, हा अगदी तुझ्यासारखा.' किंवा 'शिका जरा त्याच्याकडनं.' हे बोललात की दुसरा माणूस वकील होतो आणि पाऊण तास त्या नायकाचा नाही तर स्वतःचा खटला लढवतो. दोघांचं मत वेगळं पडलं तर तिथं थांबा, निकाल लावू नका. नवरा म्हणाला, 'तिनं नोकरी सोडायला हवी होती', तर लगेच तुटून पडू नका. 'का?' एवढंच विचारा. त्याची आई नोकरी करत होती आणि तो शाळेतून आल्यावर कुलूप उघडून एकटा जेवायचा, असं काहीतरी निघतं. किंवा निघत नाही, आणि मग त्याचं मत काय आहे ते निदान कळतं. लग्न ठरायच्या आधीच्या जोडप्यांनी तर हे जरूर करावं. चहा-पोहे, पसंती, साखरपुडा या गडबडीत 'स्वयंपाक येतो का' हे विचारलं जातं, 'रागावलास की काय करतोस' हे कोणी विचारत नाही.

मनातलं ओळखण्याविषयी

कथेत नायकाला न सांगता कळतं, कारण नायिकेच्या मनात काय आहे ते लेखकाला माहीत असतं आणि त्यानं ते नायकाला सांगून ठेवलेलं असतं. आपल्याकडं असा निरोप्या नाही. 'त्यांना कळायला नको काय?' हे वाक्य मी काउंटरवर जितक्या वेळा ऐकते तितक्या वेळा 'पुस्तक कधी परत करू' हेही ऐकत नाही. आमचे हे उद्यमनगरात टर्नर होते. लेथवर सुतासारखा फरक त्यांना बोटाला कळायचा, माझं तोंड उतरलेलं मात्र सांगितल्याशिवाय कळत नाही. सांगितलं की कळतं. मग काय बिघडलं?

रेमंड नी नावाच्या मानसशास्त्रज्ञानं 1998 मध्ये लोकांच्या दोन समजुतींबद्दल लिहिलं. काही जण मानतात की जोडी जमायची तर ती आधीच ठरलेली असते, आपल्या भाषेत गाठी वर बांधलेल्या. काही मानतात की नातं वाढवावं लागतं. पहिल्या प्रकारच्या लोकांचं सुरुवातीला छान जमलं तर टिकतं, पण सुरुवातच खडखडीत झाली तर ते लवकर हात झटकतात: हा तो नव्हेच. प्रेमकथा बहुतेक पहिल्या समजुतीवर चालतात. वाचायला हरकत नाही, पण नव्या नवरीनं पहिल्या आषाढातच 'आमचं जमतच नाही' असं ठरवू नये.

आणि भांडणं मिटलीच पाहिजेत हाही कथेचाच हट्ट आहे. जॉन गॉटमन या अमेरिकन संशोधकानं वर्षानुवर्षं जोडप्यांचं निरीक्षण केलं. त्यात जोडप्यांच्या भांडणांपैकी सुमारे 69 टक्के विषय कायमचे असतात, सुटत नाहीत, असं निघालं. टिकणारी जोडपी त्याच विषयावर पुन्हा पुन्हा बोलतात, कधी चिडून, कधी हसून. कागद घ्या, आपल्या घरातले असले कायमचे विषय लिहा. आमच्याकडं पंखा आहे. त्यांना चारवर हवा, मला दोनवर. हे प्रकरण कोर्टात गेलं तरी निकाल लागणार नाही.

हे पुस्तकातच राहू दे

इथं मी मऊ बोलणार नाही. पाठलाग. मुलगी नको म्हणते, तो तिच्या कॉलेजबाहेर उभा राहतो, घरापर्यंत येतो, तिच्या मैत्रिणीकडून नंबर मिळवतो, आणि शेवटी ती हो म्हणते. पडद्यावर याला जिद्द म्हणतात. प्रत्यक्षात भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 खाली तो गुन्हा आहे. मुलीनं स्पष्ट नको दाखवल्यावरही वारंवार मागं लागणं, संपर्काचा प्रयत्न करत राहणं, ती इंटरनेटवर काय करते यावर पाळत ठेवणं, सगळं त्यात येतं. पहिल्यांदा दोषी ठरला तर तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पोरांना हे आईनं सांगावं, तेही सिनेमा चालू असतानाच सांगावं, लगेच डोक्यात बसतं. पोरींनी 181 हा महिलांचा आणि 112 हा पोलिसांचा नंबर फोनमध्ये ठेवावा.

संशय म्हणजे प्रेम, हेही पुस्तकातच बरं. 'माझ्याशिवाय कुणाशी बोललीस तर बघ' हे वाक्य माझ्या कपाटातल्या नायकांच्या तोंडी अनेकदा आहे, आणि वाचताना अंगावर काटा येतो हे मी नाकारत नाही. पण असा माणूस घरी असेल तर तो फोन तपासतो, माहेरचं येणं-जाणं कमी करतो, पगार काढून घेतो. तिथं सिनेमा बघून बोलण्याचा माझा उपाय चालत नाही. तिथं घरातलं एखादं विश्वासाचं माणूस, वकील, नाहीतर वरचा नंबर.

पळून जाऊन लग्न हा विषय पोरं मला हळू आवाजात विचारतात. सिनेमात संध्याकाळी पळतात, रात्री हार घालतात. विशेष विवाह कायदा 1954 चा आहे. त्याप्रमाणं लग्न करायचं तर आधी विवाह अधिकाऱ्याला नोटीस द्यावी लागते. दोघांपैकी एकजण निदान तीस दिवस त्या जिल्ह्यात राहत असला पाहिजे, नोटीस कार्यालयात लावली जाते, तीस दिवस वाट बघावी लागते, आणि लग्नाला तीन साक्षीदार लागतात. मुलगा एकवीसचा, मुलगी अठराची. ते तीस दिवस कुठं राहणार, कुणाच्या पैशानं, साक्षीदार कोण, याचा विचार ज्या जोडप्यानं केलाय त्याला मी कधीच घाबरवत नाही. जात वेगळी हे कारण असेल तर एवढंच सांगते, की याच करवीर संस्थानात शाहू महाराजांनी आंतरजातीय लग्नाला कायद्यानं मान्यता दिली त्याला शंभर वर्षं होऊन गेली. घरचे त्याच महाराजांच्या जयंतीला मिरवणुकीत पुढं असतात, ते त्यांना आठवून द्यायला हरकत नाही.

प्री-वेडिंग शूटिंगचंही इथंच सांगून टाकते. पन्हाळ्यावर ड्रोन, धुराच्या नळकांड्या, भाड्याचा गाऊन. करा हौस, पण पैसे कोण देतंय हे आधी ठरवा. त्या दिवशी तिसऱ्यांदा कपडे बदलताना, भूक लागलेली असताना, फोटोग्राफर उशिरा आलेला असताना समोरचा माणूस कसा वागतो तेवढं बारकाईनं बघा. व्हिडिओत ते येत नाही.

नवऱ्यांसाठी, थोडं

जॅनिस रॅडवे या अमेरिकन अभ्यासिकेनं 1984 मध्ये प्रेमकथा वाचणाऱ्या गृहिणींवर लिहिलं. तिला दिसलं ते असं, की त्या बायकांसाठी पुस्तकातल्या नायकाइतकंच, किंवा त्याहून जास्त, पुस्तक उघडून बसणं महत्त्वाचं होतं. तेवढा वेळ त्या कुणाच्या आई नसायच्या, कुणाची बायको नसायच्या. हे मला अमेरिकेला न जाताही माहीत आहे. दुपारी दोन ते चार माझ्याकडं येणाऱ्या बायका पुस्तक निवडताना घाई करत नाहीत. तिथंच त्यांची सुट्टी सुरू झालेली असते.

तेव्हा बायको प्रेमकथा वाचते म्हणजे तुम्ही कमी पडताय, असं धरून बसू नका. 'कशाला असलं काय वाचतीस' म्हणून हसूही नका. आणि 'हा कोण नवीन?' असं मुखपृष्ठाकडं बघून विचारलंत तर ती सांगेल. ऐका. गोष्ट नीट लागली नाही तरी चालेल. पुस्तक परत करायला तुम्हीच येत असाल तर दुमडलेला कोपरा कुठला ते रस्त्यात गाडी बाजूला घेऊन बघा, चोरी होत नाही ती. मात्र घरी जाऊन त्यावर भाष्य करू नका, दोन दिवस थांबा.

आणि ती वाचत असताना कुकर लावलेला असेल, तर तिला हाक मारू नका. डाळीला तीन शिट्ट्या, भाताला दोन. मग गॅस बंद करायचा.